टाचणीमास्तरांची पोटरी

टाचणीमास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी. अंगानं काडी, म्हणून हे नाव. उभा जन्म पायानं शिलाई मशीन चालवण्यात गेला. अलीकडे लेकीनं टुमणं लावलं होतं, "बाबा, पाय थकले तुमचे. मशीन देऊन टाकू या." मास्तर हट्टाला पेटले. इस्पितळात वयस्कर माणसांच्या स्नायूंचा अभ्यास चालला होता, तिथं त्यांनी नाव दिलं आणि लेकीला बजावलं, "पोटरी थकलेली निघाली तर खुशाल ने मशीन. नाही निघाली तर पुन्हा विषय काढायचा नाही!"

एमआरआयच्या दारातच पंचाईत. आत लोखंड चालत नाही, आणि मास्तरांच्या कॉलरीतून टाचण्या निघता निघेनात. यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो मास्तर, माणूस आहात की पिनकुशन?"

काम तसं सोपं. आडवं पडून पायाखालची फळी दाबायची, पोटरी दमली की थांबायचं. मग खर्च झालेली शक्ती स्नायूत किती लवकर परत भरते, ते यंत्र टिपणार. दाबण्यात मास्तर पटाईत. थांबण्याच्या नावानं मात्र बोंब! "थांबा" म्हटलं तरी पाऊल आपलं टाच-चवडा, टाच-चवडा चालूच. सगळं मोजमाप पाण्यात गेलं.

"पाय हलवू नका हो!" बाई माइकवरून ओरडल्या.

"मी कुठं हलवतोय? तोच हलतोय!" मास्तर आतून म्हणाले. ते अगदी रडकुंडीला आले होते. पाय दमत नाही म्हणून मशीन जायची वेळ आली, म्हणजे कमालच झाली!

बाईंनी डोकं चालवलं. "दुकानात हा पाय थांबतो तरी कधी?"

"सुई ओवताना."

"मग आता दोरा तुटला समजा. ओवा."

मास्तरांनी डोळे मिटले, मनातल्या मनात दोऱ्याचं टोक ओलं केलं. पाऊल गप्प झालं.

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दाखवली तेव्हा लेक सोबत होती. "ही काही आजाराची तपासणी नव्हे," डॉक्टर म्हणाले, "पण या पोटरीत शक्ती भराभर परत येते. थकलेली म्हणता यायची नाही." मास्तरांची छाती फुगली.

घरी येताच त्यांनी मशीनसमोर बैठक मारली. दोरा खरोखरच तुटलेला होता. मनातली सुई पहिल्या फटक्यात ओवली होती. या सुईचं भोक काही केल्या सापडेना. लेक शेजारीच उभी होती. आता ही म्हणणार, डोळे थकले! मास्तरांनी दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं.

लेक वाकली. तिनं दोरा ओवला आणि टोक मागे ओढून दिलं.

"हं बाबा," ती म्हणाली, "चालवा."