सत्तावीस मेचं पान

"एक जून सोडून कुठलीही तारीख चालेल," कृष्णाजीकाका फोनवर भटजींना सांगत होते. भटजी पलीकडून काय म्हणाले असतील ते मला जिन्यातच कळलं. जन्मतारीख काही भेंडीसारखी मोडून बघून घ्यायची नसते.

यशवंतपूरला काकांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. काका मूळ अथणीकडचे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमला आहेत. घरात मराठी, कारखान्यात कानडी, रिक्षावाल्याशी त्या वेळी जे सुचेल ते. पण कारखान्यात त्यांना सगळे ओळखतात ते फळ्यामुळे. गेटमधून आत गेलं की डाव्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर गेली बावीस वर्षं काका रोज सकाळी दिनविशेष लिहितात. आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं. फळ्यावर कानडी, पण त्याची मूळ वही घरी, आणि ती मराठीत. तीनशे सहासष्ट पानं, एका तारखेला एक पान. पेपरातून, कॅलेंडरच्या पाठीमागून, रेडिओवरून टिपलेली. घरची माणसंही त्यात आहेत. लेकीचा, सुखदाचा जन्म ऑगस्टात आहे. वडिलांचा, आप्पाजींचा मृत्यू तीन डिसेंबरला, भोपाळच्या वायुगळतीच्या बरोबर खाली.

फक्त काका स्वतः कुठल्याच पानावर नाहीत.

त्याचं कारण मास्तर. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येईना, म्हणून मास्तरांनी एक जून लिहिली. वर्गातल्या सगळ्यांचीच लिहिली. कारखान्यात एक जूनवाले अकरा जण आहेत. त्या दिवशी अकरा जणांत मिळून एक केक येतो, आणि नावं मावत नाहीत म्हणून वर नुसतं '१ जून' लिहितात. काका आपला तुकडा खातात आणि फळ्यावर लिहितात की डेक्कन क्वीन सुरू झाली, पहिली एसटी धावली, नर्गिस जन्मली. स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

यंदा कागदोपत्री साठ पूर्ण होतायत. निवृत्ती आली, आणि कौशल्याकाकूंनी साठीशांत करायचं ठरवलं.

"मास्तरांच्या तारखेवर मी शांत करून घेणार नाही," काका म्हणाले.

"मग कुणाच्या तारखेवर घेणार?" काकू म्हणाल्या. "भटजींना आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. ते दुसरं काम घेतील. सुखदाला पुण्याहून रजा काढायचीय."

"अक्का आलीय ना. तिला विचारतो."

अक्का म्हणजे यल्लव्वा, काकांची थोरली बहीण; काकांना ती तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ. एकोणसत्तर वर्षांची. काकांच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्यांपैकी तेवढी एकच उरलेली. सकाळच्या गाडीनं ती कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी घेऊन उतरली होती. मी वर परत जायला निघाले होते, पण काकांनी माझ्या हातात वही दिली. "तू पानं काढ," म्हणाले. "मी अक्काला विचारतो."

"अक्का, मी झालो तो दिवस आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? सात वर्सांची हुते मी. रेडिओ रडत हुता."

"रडत होता म्हणजे?"

"चावडीवरला रेडिओ. दिसभर एक गानं न्हाई, नुसती सारंगी. आप्पाजी म्हनले, मोठा मानूस गेला आन् आमच्यात ल्हान आला."

काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. इतकी वर्षं ते तारखेवरून माणसं शोधत आले होते. आज पहिल्यांदा एका मोठ्या माणसाच्या मरणावरून तारीख शोधायची होती.

"थंडी होती का, अक्का? घोंगडं होतं का?"

"हुतं की. दाराला लावल्यालं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हनून."

"तुझ्या अंगावर काय होतं ते सांग."

"माझ्या अंगावर काय असतंय, परकर. मी आंब्याखाली पाड येचत हुते."

"आंबे," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "मे काढ. सत्तावीस."

मी पान काढलं. मृत्यू: पंडित नेहरू, १९६४. जन्मांच्या रकान्यात क्रिकेटपटू रवी शास्त्री, १९६२.

"चौसष्ट," काका म्हणाले. "मास्तरांनी दोन वर्षं खाल्ली माझी."

काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तुम्हाला आता बासष्ट पूर्ण होणार? मग साठी होऊन गेली की. आता शांत कसली करायची?"

"थांब गं स्वल्प, जरा लिहू दे."

काकांनी पेन्सिल घेतली. साठ वर्षांच्या माणसाचा, किंवा बासष्ट वर्षांच्या, चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. ते 'जन्म'च्या खाली टोक टेकवणार, इतक्यात अक्का बोलली.

"रेडिओ दुसऱ्यांदा रडला तवा मातर आईनं मला चावडीवर जाऊ दिलं न्हाई."

"दुसऱ्यांदा कधी?"

"संक्रांतीच्या आधी. ती तीळ भाजत बसल्याली. म्हनाली, पोटुशी बाई हाय घरात, असलं मरनाचं ऐकून येऊन मला सांगू नको."

मी न विचारताच जानेवारी काढला. अकरा तारीख. मृत्यू: पंतप्रधान शास्त्रीजी, १९६६.

"पोटुशी कोण?" काकांनी विचारलं.

"आईच की."

"पोटात कोण होतं?"

"तू."

"अक्का, मी आंब्याच्या वेळी झालो ना? त्याच्या आधी दोन वर्षं?"

"व्हय."

"मग पोटात कोण?"

"तूच, म्हन्ते न्हवं?"

काकूंनी कपाळाला हात लावला. मी दोन्ही पानांमध्ये बोटं घालून बसले होते. अक्का मात्र आता आमच्याकडे बघत नव्हती. भाकरीचा तुकडा मोडून तिनं हातातच ठेवला.

"आंब्याच्या वक्ती झाला त्यो थोरला किसना," ती सावकाश म्हणाली. "पावसाळा काढला न्हाई त्यानं. मग तू झालास, तर आईनं तेच नाव ठिवलं. म्हनाली, माघारी आला."

"मला कुणी बोललं नाही कधी."

"तुला काय सांगायचं, तम्मा? तूच त्यो. मलाबी तसंच वाटतंय. आता तू इचारलंस तवा दोन झालं."

काकांनी माझी बोटं असलेली दोन्ही पानं आळीपाळीनं बघितली. मग काकांनी विचारलं, "मी कधी झालो मग?"

"पेरनीच्या आधी. हीर तळाला गेल्ती, पानी मीच आनत हुते."

"म्हणजे मे संपता संपता, नाहीतर जून लागताना," काकू म्हणाल्या. "मास्तर बरोबरच होते की."

"मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख लिहिली, कौशल्या. एखाद्याची बरोबर निघणारच."

काकांनी माझ्याकडून वही घेतली. सत्तावीस मे. रवी शास्त्रींच्या खाली त्यांनी पेन्सिलनं लिहिलं, 'किसना आप्पाजी, १९६४'. अक्षर फळ्यावरच्यासारखंच, सरळ. मग ते जून, जुलै, ऑगस्ट उलटत गेले.

"गेला त्या दिवशी रेडिओवर काय होतं, अक्का?"

"ठावं न्हाई. तवा कोन बघतंय?"

त्यांनी सप्टेंबरपर्यंत पानं उलटली, परत जूनला आले, परत सप्टेंबर. थोरल्याचा मृत्यू कुठल्या पानावर लिहायचा ते कळेना, आणि स्वतःचा जन्मही अजून कुठेच लिहिलेला नव्हता. पेन्सिल हातातच राहिली.

फोन वाजला. भटजी होते. काकांनी स्पीकर लावला.

"सापडली का तारीख?"

"एक जून."

"एक जून सोडून म्हणाला होता ना?"

"आता चालेल. पण भटजी, शांत दोघांची करता येते का?"

"काकूंची पण साठी आहे का यंदा?"

"तिची नाही. माझी आणि किसनाची."

"किसना म्हणजे?"

"कृष्णाजी."

"अहो, कृष्णाजी तुम्हीच ना?"

काकांनी अक्काकडे बघितलं. ती चटणीच्या डब्याचं झाकण लावत होती. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

"ते आम्हालाच अजून नीट उमगलेलं नाही," काका फोनमध्ये म्हणाले. "तुम्ही पाट मात्र दोन मांडा."