आप्पांचा तिसरा खण

आप्पा गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा माझ्या हातात त्यांच्याचसाठी घेतलेली तेलाची बाटली होती. शिवणयंत्रात घालतात ते पातळ तेल. आदल्या रविवारी त्यांनी ते आणायला सांगितलं होतं आणि मी सहा दिवस विसरलो होतो. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून सुटल्यावर आठवणीने बाटली घेतली आणि तसाच त्यांच्या घराकडे चालू लागलो. सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या चौकात त्यांचा मुलगा प्रकाश मोटारसायकलवर समोरून आला. तो मलाच शोधायला निघाला होता. "काका, आप्पा गेले," एवढंच म्हणाला… मी त्याच्या मागे बसलो. बाटली पिशवीत ठेवायचंही सुचलं नाही. घरात शिरलो तेव्हा सुमनताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, रडता रडता ती माझ्या हातून काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या पेटीवर नेऊन ठेवली. आता महिना होऊन गेला. ती बाटली मी अजून उघडलेली नाही.

आप्पा म्हणजे रतन बोरसे, माझे थोरले साडू. साडू म्हणजे एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं, असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे आणि सुमनताई आतून भांडं आपटायच्या. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते अठराव्या वर्षी सुरतेला आले, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात झाडू मारायला लागले, आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकत शिकत फिटर झाले. मी शिक्षक होऊन इथल्या मराठी शाळेत रुजू झालो तेव्हा गावात माझं म्हणावं असं त्यांचंच घर होतं. पहिले चार महिने मी त्यांच्याच खोलीत राहिलो. त्या खोलीत माणसं चार आणि पेटी एक, पण सगळ्यात जास्त जागा पेटीलाच होती.

ती पेटी त्यांनी स्वतः केली होती. कारखान्यातला टाकाऊ पत्रा मालकाला विचारून घेतला, सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करून घेतलं आणि छातीइतकी उंच, सात खणांची पेटी उभी केली. प्रत्येक खणाच्या तळाला यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं रबर. त्या रबरात प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा कोरलेली. पाना आपल्या जागेत बसला की बोटाने उचलल्याशिवाय हलायचा नाही. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि सातही खण धाडकन उघडून, धाडकन बंद करून दाखवले. आतून एकही आवाज आला नाही. "पेटी बोलली म्हणजे फिटर कच्चा," असं त्यांचा उस्ताद सांगायचा म्हणे. मला तेव्हा त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला खेळणं सापडलंय.

दर रविवारी सकाळी पेटीची आंघोळ असायची. घासलेटात बुडवलेल्या फडक्याने एकेक हत्यार पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, मग खणांच्या पट्ट्यांवर दोन-दोन थेंब तेल, आणि शेवटी प्रत्येक खणात कापराची एक वडी. सुरतेची हवा ओली, लोखंडाला लगेच तांब चढते, आणि कापूर असला की चढत नाही. त्यामुळे आप्पांच्या कपड्यांना कायम कापराचा वास असायचा आणि शेजारणींना वाटायचं, मोठा देवभोळा माणूस आहे. सुमनताई म्हणायच्या, वीस वर्षांत माझ्या डोक्याला एवढं तेल लावलं असतं तर केस गुडघ्यापर्यंत आले असते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आप्पा कारखानाभर फिरून उसनी गेलेली हत्यारं गोळा करायचे. एखादं नाहीच मिळालं तर त्या रिकाम्या जागेत सुपारी ठेवून पूजा करायचे, आणि मिळेपर्यंत ती सुपारी उचलायचे नाहीत.

मात्र देणं जसं सढळ, तसं घेणं अजिबात नव्हतं. दुसऱ्याच्या हत्याराला त्यांनी कधी हात लावला नाही. तीही उस्तादाचीच शिकवण. दुसऱ्याच्या पान्याने काम करणाऱ्याचा हात उसना होतो, असं ते म्हणायचे. जुन्या लूमवर हे चालून गेलं, कारण त्या यंत्रांचे सगळे बोल्ट इंचातले, आणि आप्पांचे सगळे पाने सुताचे. एका इंचाचे आठ सूत, चार सूत म्हणजे अर्धा इंच, हा त्यांचा हिशोब. नुसत्या बोटाने चाचपून ते बोल्ट साडेचार सुताचा की पाच सुताचा, हे सांगायचे. आणि ही गोष्ट मला, दरवर्षी सहावीच्या मुलांना इंचाचे मिलिमीटर करायला लावणाऱ्या गणिताच्या मास्तरला, फक्त गंमत वाटत राहिली.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास त्यांचा कारखाना बंद झाला. जुने लूम भंगारात निघाले. आप्पांना दुसऱ्या एका जुन्याच शेडमध्ये बोलावणं होतं, आणि ते जायलाही तयार होते. पण मी मध्ये पडलो. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कडोदऱ्याच्या नव्या कारखान्यात मॅनेजर होते. तिथे धोट्याविना चालणारे नवे लूम आले होते, नोकरी पक्की होती, फंड कापला जात होता. मी आप्पांकडे तीन रविवार जाऊन त्यांचं डोकं खाल्लं. जुनं धरून बसाल तर भंगारात जाल, असंही म्हणालो. हे वाक्य माझंच आहे, आणि ते मी आता कुणाच्या नावावर टाकू शकत नाही. चौथ्या रविवारी ते म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुम्हाला पुढचं दिसतं. हातगाडीवरून पेटी कडोदऱ्याला गेली.

नव्या लूमचे सगळे बोल्ट मिलिमीटरचे होते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांचे पाने टांगलेले असायचे, सही करून घ्यायचे आणि काम झालं की परत करायचे. बाकीचे फिटर तेच करत. आप्पा स्टोअरच्या खिडकीशी गेलेच नाहीत. ते आपल्या पेटीतले पाने लावून बघत, आणि बरेचसे जवळपास बसतही. सतरा नंबरच्या बोल्टला साडेपाच सुताचा पाना बसायचा, फक्त किंचित सैल. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक. पण त्या सैल पान्याने दोन-अडीच महिन्यांत एका बोल्टचे कोपरे गोल झाले, तो पुरता आवळला गेला नाही, आणि चालत्या यंत्रात निसटला. माणूस कुणी जखमी झाला नाही. यंत्र मात्र आतून मोडलं आणि मुंबईचा कारागीर येईपर्यंत दोन आठवडे उभं राहिलं.

मॅनेजर भला होता. त्याने आप्पांना काढलं नाही. फक्त पान्यांच्या कामावरून उठवलं आणि घडीखात्यात बसवलं, कापडाच्या ताक्यांवर शिक्के मारायला. पगार तोच होता. मी त्यांना हेच समजावत राहिलो, की आप्पा, पगार तोच आहे, त्रास कमी झाला. पेटी पुन्हा घरी आली. ती कोपऱ्यात लावून झाल्यावर आप्पा पाठ टेकून खाली बसले आणि घरच्या बोलीत, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तीस वरीसमा मना हातखाले एक बी बोल्ट गोल व्हयना नही, मास्तर."

 

मग मी आणखी एक शहाणपणा केला. त्या दिवाळीला मिलिमीटरच्या पान्यांचा नवाकोरा संच विकत आणला, प्लॅस्टिकच्या घडीच्या पिशवीतला, आठ नंबरपासून चोवीसपर्यंत. मला वाटलं होतं, ते हरखतील, मॅनेजरला जाऊन दाखवतील, आणि तो त्यांना पुन्हा पान्यांच्या कामावर घेईल. त्यांनी एकेक पाना काढून उजेडात धरला, चांगला माल आहे म्हणाले, परत जिथल्या तिथे घातला. मी विचारलं, कुठल्या खणात ठेवायचा?

"पेटीमा आते जागा नही," ते म्हणाले.

ते रागाने म्हणाले नाहीत. सातही खणांत प्रत्येक जागा कोरलेली होती आणि प्रत्येक जागेला तिचा मालक होता. संच खाटेखाली गेला. मला राग आला, हे कबूल करतो. त्या वर्षी मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. हट्टी माणसाला देवही पुरा पडत नाही, असं बायकोजवळ बोलून मोकळा झालो.

त्यानंतरची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. आयुष्यभर छातीत गेलेली कापसाची आणि धाग्याची धूळ वर आली. आधी खोकला, मग दम, मग औषधांनी हात थरथरायला लागले. शिक्के मारणंही सुटलं. प्रकाश मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात लागलेला. दिवसभर गुजरातीत बोलून घरी यायचा आणि बापाशी काय बोलावं हे त्याला कुठल्याच भाषेत कळायचं नाही. आप्पा खाटेवर पेटीकडे तोंड करून बसायचे. रविवारची आंघोळ बंद पडली नव्हती, पण आता सात खणांना सबंध दिवस लागायचा. मी मदत करू का विचारलं, तर मानेनेच नको म्हणायचे. शेवटच्या भेटीत मी निघताना त्यांनी हाक मारली. तिसरा खण जड चालतोय, म्हणाले, येताना तेल आणा. मी हो म्हटलं आणि चपला घातल्या…

तेरावं झाल्यावर प्रकाशने मला बाजूला घेतलं. "काका, पेटी तुम्हीच लई जाव. अहीं जग्या नथी," तो म्हणाला. त्याची चूक काही नाही. त्याचं लग्न ठरत होतं, खोली तेवढीच, पेटीला जागा कुठून असणार. हमालांना पेटी हलकी व्हावी म्हणून मी खण एकेक करून बाहेर काढायला लागलो. वरचे दोन हळूच निघाले. तिसरा अडकला. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा खरवडत बाहेर आला.

त्यात जुने पाने नव्हते. ते सगळे नंतर सातव्या खणात सापडले, मोडक्या हत्यारांच्या सोबतीला, कापडात बांधून ठेवलेले. तिसऱ्या खणात आप्पांनी नवं रबर घातलं होतं. हाताला मिळालं ते घातलं असावं, पहिल्यापेक्षा बरंच जाड. म्हणून त्यात ठेवलेला पाना खणावरच्या आडव्या पट्टीला घासत होता. तेलाने ते काही सुधारलं नसतं. रबरावर पेन्सिलीने आकार काढले होते, आठपासून चोवीसपर्यंत, माझ्या दिवाळीच्या संचाचे. प्रत्येकाखाली नंबर. रेषा इतक्या हललेल्या, की पहिलीतल्या मुलानेही त्याहून सरळ काढल्या असत्या. आणि त्या सगळ्यांत कोरून पुरी झालेली जागा एकच होती, सतरा नंबरची. तेवढा एकच पाना तिच्यात ठेवला होता. बाकीचे अजून खाटेखाली होते.

सुमनताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दुपारी मी झोपले की ते काहीतरी खरडत बसायचे, मला वाटलं सवय. मलाही आप्पांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी एका दुपारी सगळ्या जागा कोरून दिल्या असत्या, असं मी स्वतःला सांगून बघतो. पण त्यांनी ते मला करू दिलं नसतं, आणि दिलं असतं तरी ज्या यंत्रांसाठी हे पाने होते, तिथे आता त्यांना कुणी उभं करणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी सतरापासूनच सुरुवात केली.

पेटी आता माझ्या घरात आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. मला त्यातल्या एकाही हत्याराने काम करता येत नाही. रविवारी सकाळी मी फडकं घेऊन बसतो, जमेल तसं पुसतो, कापूर बदलतो. आप्पांच्या जुन्या बाटलीत थोडं तेल होतं, तेच पुरवतो. सहा खण उघडले काय, बंद केले काय, आतून आवाज येत नाही. तिसऱ्याचा मात्र येतो. थरथरत्या हाताने कोरलेली ती जागा पान्यापेक्षा जराशी मोठी झाली आहे, फार नाही, अर्ध्या मिलिमीटरहून कमीच असेल. खण ओढला की सतरा नंबर त्यात खडखडतो. बायको म्हणते, कापडाची घडी घाला ना खाली. मी घातलेली नाही.