असं सरकार म्हणतंय

हलगीदाजींना मी पहिलं वर्षभर पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. मी नवी सून, डोक्यावर पदर, दाराच्या फळीआड उभी. रस्त्यावरून आधी हलगी ऐकू यायची, मग "ऐका हो ऐका", मग सरकारचा हुकूम आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, तीन शब्द : असं सरकार म्हणतंय. हे शब्द ते नुसते बोलायचे नाहीत, पाठोपाठ हलगीवर त्याच ठेक्यात वाजवायचेही. गावातली पोरं दिवसभर रिकाम्या डब्यांवर तो ठेका धरून डोकं उठवायची.

माझ्या माहेरी, वालूरला, दवंडीवाला हुकूम सांगायचा आणि चालू लागायचा. सोनपेठजवळच्या या गावात मात्र प्रत्येक हुकमाला हे शेपूट. 'शेपूट' हे नाव गावानंच ठेवलेलं. कुणाची शेळी हरवली, बाजाराचा दिवस बदलला, कुणी वारलं, या दवंड्या बिनशेपटाच्या. त्या दाजींच्या स्वतःच्या भरवशावर असत. त्यामुळं गावाचा हिशेब साधा होता : बिनशेपटाचं ते खरं, शेपटाचं ते बघू.

त्यांची बायको गयाबाई माझ्या माहेरची, म्हणून गावच्या नात्यानं ते माझे दाजी. सासूबाईंना हे नातं मुळीच पटलं नाही. "गावकुसाबाहेरच्या माणसाला दाजी म्हणतीस? उद्या पंगतीला बसवशील!" मी म्हटलं, "बसवीन की." अर्थात मनातल्या मनात. मी नवी होते, वेडी नव्हते.

सासूबाईंचं एकटीचं कशाला बोलायचं? दाजींच्या शब्दावर सगळ्या गावाचा विश्वास होता, हातच्या पाण्यावर कुणाचाच नव्हता. वरच्या विहिरीला बारमाही पाणी, पण गयाबाईनं घागर घेऊन नदीवर जायचं. दाजी चावडीवरून हुकूम घेऊन यायचे तेही खाली उभं राहून. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मला विचारतंय कोण!

तेव्हा आमच्यावर हैदराबादचं राज्य होतं. त्याचे शेवटचे महिने चालले होते हे आता कळतं, त्या वेळी वाटायचं हे असंच राहणार. एका सकाळी दाजींनी दवंडी दिली, "सगळ्या मुलखात अमन हाय. रयत लय खुशीत हाय. असं सरकार म्हणतंय." नदीपल्याडच्या गावातून त्या वेळी धूर निघत होता. आमच्या आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. हसायची चोरी, रडायची चोरी.

चावडीवरच्या जमादाराला एकदा संशय आला. "क्यों रे, ये आखिर में क्या जोडता?"

दाजी हात जोडून म्हणाले, "हुकूम कुनाचा ते सांगाया नको का साहेब? लोकांला वाटलं ह्यो माझाच हाय, तर कोन ऐकंल? माझं घरी बायको ऐकंना."

जमादाराला ते पटलं. त्याचीही बायको ऐकत नसावी.

शिंदीच्या करावर सरकारचा खजिना चालायचा, म्हणून त्या दिवसांत गावोगावचे तरुण शिंदीची झाडं तोडत होते. आमच्या ह्यांनीही चौघा मित्रांबरोबर अख्खं शिंदीचं बन आडवं केलं आणि घरी येऊन हाताला फोड आले म्हणून माझ्याकडून हळद लावून घेतली. लय शूर! मग व्हायचं तेच झालं. सरकारची हत्यारबंद टोळी गावात उतरली. त्यांचा म्होरक्या मराठी समजणारा निघाला आणि शेपटाची गोष्ट त्याच्या कानावर आधीच गेलेली होती. बंदूक पाठीला लावून त्यानं दाजींना दवंडीला बाहेर काढलं. "हुकमावर एक शब्द जादा बोललास तर जागेवर गोळी घालीन."

दिवेलागणीची वेळ. हे जेवायला बसलेले, सासूबाई चुलीपुढं भाकरी थापताहेत, मी फळीआड. आवाज आला, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी समद्या बाप्यांनी चावडीपुढं जमायचं. हजेरी घेऊन सोडून देनार हाईत. कुनाच्या केसाला धक्का लागनार न्हाई."

आणि बस्स. पुढं काही नाही.

पल्याडच्या गावातही अशीच हजेरी घेतली होती. गेलेल्यांपैकी अजून एकही परत आला नव्हता. हे आम्हाला माहीत होतं. पण दाजींनी शेपूट लावलं नव्हतं ना! ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यासमोर उतरला. "दाजी सांगायलेत म्हंजे खरंच असंल. जाऊन येतो सकाळी," असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली. मला काही ते खरं वाटेना, पण आजवर दाजींचं बिनशेपटाचं खोटं ठरलं नव्हतं, मग मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?

तेवढ्यात हलगी वाजली. थोडीशीच.

सासूबाईंचा हात पिठातच थांबला. त्यांचे ओठ हलायला लागले. हलगी पुन्हा वाजली, तोच ठेका, आणि या वेळी त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "असं... सरकार... म्हणतंय." त्यांनी लेकाच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. "ऊठ. नदी उतर. भाकरी बांधून देते."

म्होरक्याला ठेका माहीत नव्हता. त्याला ते नुसतं वाजवणं वाटलं. अजून पाऊस पडला नव्हता, गोदावरी गुडघाभर होती. गावातले सगळे तरणेताठे पल्याडच्या बाभूळबनात निघून गेले. रहीम शिंपीही त्यांच्यातच होता, कारण टोळीला तो नको तितका आमचा वाटायचा.

सकाळी चावडीपुढं दोन म्हातारे आणि पाटलाची गाय एवढीच हजेरी भरली. कुठून तरी शेवटी म्होरक्याला ठेक्याचं कळलं. दाजी त्याला म्हणाले, "मी एक शब्दबी जादा बोललो न्हाई साहेब." ते खरंच होतं, म्हणून जीव राहिला. उजव्या हाताची बोटं मात्र त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं ठेचली. जाता जाता आमची कडब्याची गंजी पेटवली. गंजी दुसऱ्या वर्षी रचली. बोटं काही परत आली नाहीत.

त्यानंतर पावसाळा सरायच्या आत ते राज्य गेलं. दाजी डाव्या हातानं हलगी वाजवायला शिकले आणि पहिलीच दवंडी दिली, "आपुन समदे स्वतंत्र झालो. असं सरकार म्हणतंय." आमचे हे भडकले. नवे तहसीलदार आले, तेही रागावले. "अरे, आता सरकार आपलं आहे. शेपूट कशाला?"

"आपलं हाय म्हनून तर सांगायलोय," दाजी म्हणाले. "कोन बोलायलंय ते लोकांला कळाया पायजे."

मग झाडं तोडणाऱ्यांचा चावडीवर सत्कार झाला. आमच्या ह्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. सत्काराची दवंडी दाजींनीच दिली होती आणि सत्कार ते खाली उभं राहून बघत होते. मला इतका राग आला की मी त्या हाराकडं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून विचारलं, "दाजी, तुमाला हार कसा न्हाई?"

"हार गळ्यात घालतेत ताई," ते म्हणाले. "माझी तर बोटं गेलीत."

पुढं एकदा हुकूम आला आणि दाजींनी तो गावभर ओरडून सांगितला, "शिवाशिव कायद्यानं बंद झाली. वरची विहीर समद्यांला खुली हाय. असं सरकार म्हणतंय." हलगी भिंतीला टांगली, गयाबाईच्या हातातली घागर घेतली आणि नदीवर गेले. सासूबाईंनी उंबऱ्यातून त्यांना जाताना पाहिलं. विहिरीवर मात्र त्यांनी कुणाला बोलावलं नाही. कुणीच बोलावलं नाही. पोलिसांच्या भरवशावर दाजी विहिरीवर जाऊ शकले असते. मी तसं म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "गाव म्हनू दे की. मंग बिनशेपटाची दवंडी देतो."

ती दवंडी द्यायची त्यांची लय इच्छा होती. दरवर्षी पोळा झाला की मला विचारायचे, "काय म्हणतंय गाव?"

मग एका उन्हाळ्यात हलगी वाजली, पण हात दाजींचा नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलाचा, लक्ष्मणचा होता. "ऐका हो ऐका. आमचा बाप गेला."

सगळी आळी दारात आली आणि तशीच उभी राहिली. सवयीनं आम्ही पुढचे तीन शब्द यायची वाट बघत होतो. लक्ष्मण पुढच्या आळीला वळला.

"खरंच गेला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातून त्यांची पितळी घागर काढली, वरच्या विहिरीवर नेऊन भरली आणि त्या वयात, कमरेवर घेऊन, सगळ्यांच्या देखत गावकुसाबाहेर चालू लागल्या. मी रडत मागून गेले. वरच्या विहिरीचं पाणी दाजींच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा गेलं, त्यांना अंघोळ घालायला.