माघारी फिरणारा धूर

धुराचा स्वभाव ओळखणारा एकच माणूस या जगात उरला असेल, तर तो सदलग्यात राहतो आणि नात्याने माझा दाजी लागतो. माणसांचा स्वभाव त्यांना ओळखता येतो असे मी म्हणणार नाही. तीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या शेजाऱ्याला ते अजून त्याच्या भावाच्या नावाने हाक मारतात. पण लांब शिवारात कुणाची चूल पेटली, तर आपल्या कट्ट्यावर बसल्या बसल्या ते सांगणार, "बाभळीचं जळण हाय. वलं हाय. आणि पेटवणारी बाई चिडलीया." साखर कारखान्याच्या बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा कारखाना सुटला, पण धूर काही सुटला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असतो आणि त्याचा देवभक्तीशी काडीचा संबंध नाही. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी एक उदबत्ती पेटवायची, उंबऱ्यावर धरायची आणि धूर कुठे वळतो ते बघत उभे राहायचे. बेळगावात मी फ्लॅट घेतला तेव्हा माझी आक्का नारळ घेऊन आली आणि दाजी उदबत्ती घेऊन. चारी खोल्या फिरून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, घर चांगलं हाय. पण उलटं हाय." म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेले नाही. सदलग्यात मात्र काही लोकांनी त्यांना वास्तूचे जाणकार समजून घरी नेले, पाट मांडला, टॉवेल-टोपी केली. दाजींनी टोपी घातली आणि स्वयंपाकघराची खिडकी बुजवायला सांगून आले.

अशा माणसाच्या हातात त्याच्या लेकीने पुण्याहून स्मार्टफोन पाठवला. लोक त्यावर भजने ऐकतात, नातवंडे बघतात. दाजींना त्यावर एक मोठी टोपी घातलेला गोरा माणूस भेटला. हा माणूस लोखंडाच्या आडव्या टाकीत, नुसत्या धुरावर, दहा-दहा तास मांस शिजवत असे. दाजी त्याला आवाज बंद करून बघत. "इंग्रजी ऐकलं की आकडं कळत न्हाईत," असे त्यांचे म्हणणे. दिवाळीच्या सुट्टीत मी सदलग्याला गेलो, तर कट्ट्यावर वह्यांचा ढीग, आणि अंगणात पंक्चरवाल्याकडून आणलेली हवेची जुनी टाकी, चांगली म्हशीएवढी, पालथी पडलेली.

"बसा मास्तर," दाजी म्हणाले. "आपण धुराची पेटी करायलोय."

"कशासाठी?"

"मटणासाठी."

मी आक्काकडे बघितले. आक्काने वर आभाळाकडे बघितले. कारण दाजींचे घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. दाजींनी जन्मात अंडे फोडलेले नाही. शेजारी मासळी तळली तर हे गावाबाहेर फिरून येतात. कोणासाठी करायचे हे विचारले तर दर वेळी उत्तर वेगळे. एकदा म्हणाले, निपाणीच्या हायवेवर एक धाबेवाला ओळखीचा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शास्त्र म्हणून. तिसऱ्या दिवशी मलाच विचारले, "सगळ्याला कारण लागतंय व्हय?"

मी शाळेत मराठी शिकवतो. गणिताशी माझा संबंध हजेरीपुरता. तरी त्या चार दिवसांत मी जेवढे गणित केले तेवढे आयुष्यात केले नव्हते, आणि जेवढे केले तेवढे चुकले. दाजींचा नियम सोपा होता म्हणे. आधी टाकीच्या पोटात किती मावते ते काढायचे. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची भट्टी एका टोकाला जोडायची. भट्टीतून पोटात जाणारी वाट, पोटातल्या आडव्या पत्र्याखालची जागा आणि पत्रा संपतो तिथली फट, तिन्ही ठिकाणी धुराला सारखीच ऐसपैस जागा पाहिजे. "माणूस जसा बोळात अडकतोय तसा धूर अडकतोय," ते म्हणाले. टाकी चोवीस इंच व्यासाची आणि पाच फूट लांब. सूत्राने पोट काढता येते हे त्यांना ठाऊक होते, पण सूत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, पाण्यावर होता. म्हणून मी दहा लिटरच्या बादलीने टाकी भरायला लागलो आणि दाजी भिंतीवर कोळशाने रेघा मारायला लागले. मधेच आक्का आली आणि धुण्यासाठी टाकीतून दोन बादल्या काढून घेऊन गेली. त्या दोन धरायच्या की सोडायच्या यावर आमचा वाद झाला. तेवढ्यात आक्काने धुणे पिळून उरलेली एक बादली परत टाकीत ओतली. दाजींच्या मते पंचेचाळीस झाल्या, माझ्या मते बेचाळीस, आणि आक्काच्या मते आम्ही दोघेही आंघोळ करून जेवायला बसायला हवे होते.

शेवटी सूत्रच चालवले. सत्तावीस हजार घन इंच. त्यावरून भट्टी निघाली एकवीस इंच लांब, एकवीस रुंद, एकवीस उंच. चिमणी निघाली सहा इंच व्यासाची, आणि उंचीसुद्धा एकवीसच इंच. झाले, वहीत जिकडे तिकडे एकवीस. कुठला एकवीस कशाचा हे मी विचारायचो आणि दाजी पान उलटून म्हणायचे, "ह्यो तो न्हवं." चिमणीचा आकडा त्यांच्या मनाला फार लागला. ज्याने आयुष्यभर पाच कोसांवरून दिसणारी चिमणी सांभाळली, त्याला एकवीस इंच! "ही चिमणी व्हय?" ते हताशपणे म्हणाले. "ही तर निपाणीची विडी!"

पण माझा खरा गोंधळ वेगळाच होता. चिमणी भट्टीच्याच टोकाला होती. धूर भट्टीतून निघणार, पत्र्याखालून पलीकडच्या टोकाला जाणार, तिथे वर चढणार, आणि पत्र्यावरून, मटणावरून परत भट्टीकडे येऊन बाहेर पडणार. मी म्हणालो, "दाजी, गेलेल्या धुराला परत कशाला आणायचं? चिमणी पलीकडंच लावा की." दाजींनी मला तळहातावर बोट फिरवून पाच वेळा समजावले. पाचव्यांदा मी 'कळलं' म्हणालो. त्यांना ते खोटे वाटले, आणि होतेही.

वेल्डिंगचे काम बसप्पाकडे होते. हा चिकोडी रस्त्यावरचा वेल्डर, हाताने वाकबगार, भाषेने कन्नड. दाजींना कन्नड येते, बसप्पाला मराठी येते, आणि दोघेही आदराने समोरच्याच्या भाषेत बोलतात, त्यामुळे कोण काय म्हणाले हे दोघांनाही नक्की ठाऊक नसते. आडवा पत्रा टाकीच्या बुडापासून सात इंचांवर बसवायचा होता. हा सात काढायला आम्ही अंगणात खडूने टाकीएवढे वर्तुळ काढून एक दिवसभर चौकोन मोजले होते. बसप्पा टाकीत डोके घालून पत्रा हळूहळू वर घेत होता, बाहेर ग्राइंडर किंचाळत होता, आणि दाजी ओरडत होते, "सात! सात!" बसप्पा थांबला आणि त्याने तिथेच टाके मारले. मला वाटले, काय नेमका हात आहे!

पुढच्या रविवारी पेटी पेटवायची ठरले. दाजींनी मला फोन करून सांगितले, "येताना येळ्ळूरहून मटण आणा. तुमच्या घरच्या खाटकाचं." आमचे मूळ गाव येळ्ळूर, म्हणजे अर्थात आक्काचे माहेर. मी दोन किलो घेऊन गेलो. दाजींनी नवा सदरा घातला होता. टाकी अंगणात अशी मांडली होती की भट्टी पार कुंपणाला आणि शेपटी घराकडे. आंब्याची वाळकी लाकडे रचली, दाजींनी काडी ओढली, भट्टीचे दार लावले आणि दोन पावले मागे येऊन चिमणीकडे बघत उभे राहिले. मी उभा राहिलो. बसप्पा उभा राहिला. आक्का दारात उभी राहिली.

चिमणीतून काही आले नाही. मग भट्टीच्या दाराच्या फटीतून एक बारीक रेघ आली, मग जाड, आणि मग सगळाच धूर, खोकल्याची उबळ यावी तसा, दाराकडूनच बाहेर आला आणि दाजींच्या नव्या सदऱ्यावर बसला. दाजींनी दार उघडले, लावले, उघडले. धूर काही आत जाईना. त्यांनी टेप काढली, वाकून पत्र्याखाली घातली आणि आकडा दोनदा वाचला.

"चार," ते म्हणाले. "बसप्पा, चार इंचावर मारलाईस. मी सात म्हणत हुतो."

बसप्पाचा चेहरा रडवेला झाला. "नीवे साकु अंद्री, अण्णा! तुमीच म्हटला की, साकु, साकु!"

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक असलेला शब्द. मला हसू आले आणि मी दाजींकडे बघितले, आणि हसू गेले. दाजी पायरीवर बसले होते. तीस वर्षे ज्याने बॉयलर कधी विझू दिला नाही, त्या माणसाचे हात गुडघ्यावर नुसते पडले होते. बसप्पा कटर आणायला गेला. मी शेजारी बसलो आणि चार दिवस विचारत होतो तेच पुन्हा विचारले, पण या वेळी हळू. "दाजी, तुम्ही खात न्हाय, घरात कुणी खात न्हाय. मग हे कुणासाठी?"

"घरात कुणी खात न्हाय कसं?" ते म्हणाले. "तुमची आक्का हाय की."

त्यांनी सदऱ्यावरची काजळी झटकली. "येळ्ळूरची पोरगी ही. लग्न हून आली आणि आईनं सांगितलं, आमच्यात चालत न्हाय. हिनं बरं म्हटलं. वर्सातनं एकदा म्हायेरला जाऊन खाऊन यायची, आल्यावर आंघोळ करूनच चुलीजवळ जायची. पस्तीस वर्सांत तोंडानं मागितलं न्हाय. आई गेली तवा माझा हात धरून म्हणाली, घरात शिजवू देऊ नगंस. मी व्हय म्हटलं." त्यांनी बोटाने उंबरा दाखवला. "घरात. अंगणाचं काय बोलणं झालं न्हवतं."

"मग साधी चूल मांडायची की अंगणात!"

"चुलीचा धूर वाऱ्यानं आत जातोय, मास्तर. आत आईचा फोटो हाय." दाजींनी टाकीकडे हात केला. "ह्यात तसं न्हाय. जाळ तिकडं कुंपणाला, चिमणी बी तिकडंच. धूर घराकडं येतोय, पर दारापास्नं माघारी फिरतोय."

तळहातावर पाच वेळा बोट फिरवून जे मला समजले नव्हते, ते तेव्हा समजले.

दारातली आक्का सगळे ऐकत होती हे आमच्या लक्षात आले नव्हते. ती पायरी उतरून आली, टाकीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली. मला वाटले आता हिचे डोळे भरणार. आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, ह्यात मटण सुकं हुणार का रस्सा?"

"सुकं," दाजी म्हणाले. "धुरावर धा तास."

"मला रस्सा पाहिजे हुता."

दाजींनी माझ्याकडे बघितले. मी कुंपणाकडे बघितले. "पस्तीस वर्सं काय मागितलं न्हाय म्हणतासा," आक्का म्हणाली, "एकदा तरी विचारायचं हुतं! एवढं लोखंड गोळा केलासा, आकडं काढलासा, मला विचारला न्हाईसा." मग ती आत गेली. आता रागावून बसते की काय असे वाटले, तर न्हाणीघरातले पाणी तापवायचे जुने पातेले घेऊन बाहेर आली. भट्टीचा वरचा पत्रा जाळाने लाल व्हायच्या बेतात होता. तिने त्यावर पातेले ठेवले. "हितं हुतंय का बघा."

दाजी उठले. पातेल्याचे बूड मोजले. अकरा इंच. "बसतंय," म्हणाले.

बसप्पा कटर घेऊन परत आला तेव्हा भट्टीचे दार सताड उघडे होते, धुराने दाजी काळे झाले होते आणि आक्का कांदा परतत होती. त्या दुपारी आम्ही अंगणात जेवलो. आजवर येळ्ळूरला आमच्या घरी मटण असले की दाजींचे ताट एकटे बाहेरच्या सोप्यात असायचे. त्या दिवशी आक्काने त्यांचा दहीभात तिच्याच शेजारी वाढला. दाजी वाऱ्याची दिशा बघून जरा सरकून बसले, पण उठून गेले नाहीत. आक्काने पहिला घास घेतला. दुसराही घेतला. मग दाजींना म्हणाली, "तिखट लई झालंय," आणि भाकरी मोडून पुन्हा वाढून घेतले.

पत्रा पुढे सात इंचांवर बसला. पेटी उत्तम ओढते. दाजी तिच्यात वांगी, कणसे, एकदा तर अख्खा फणस ठेवून बसले. रस्सा मात्र भट्टीच्या डोक्यावरच होतो.

गेल्या महिन्यात आक्का पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली. दाजींचा फोन आला, "येताना अर्धा किलो आणा." मी गेलो तर ते भट्टीपुढे उभे, एका हातात हातभर लांब पळी आणि दुसऱ्या हातात वही. आक्काने फोनवर सांगितले ते सगळे उतरवून घेतले होते. मीठ किती चमचे, पाणी किती पेले. मी म्हणालो, "दाजी, हे कशाला? ती नाही तर मी दहीभात खाल्ला असता की."

"ती परत येईल तवा दमून येईल," ते पळी हलवत म्हणाले. "जाग्रणं झाल्यात. आल्या आल्या चुलीपुढं उभी ऱ्हाईल व्हय? मला रस्सा करता यायला पाहिजे."

त्यांनी मला वाटीत रस्सा दिला आणि स्वतः तोंड वळवून, पण कान माझ्याकडे ठेवून उभे राहिले. रस्सा खारट होता. मसाला खाली लागला होता. मटण अजून दाताखाली झुंजत होते.

"मला चव घेता येत न्हाय, मास्तर," दाजी कुंपणाकडे बघत म्हणाले. "तुम्हीच सांगा. तिच्यावानी झालंय काय?"

मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, "आणखी थोडा वाढा."