पोस्टरवरचे महिपतराव

आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसांची एक खोड आहे. कुणी बाहेरचा मोठा माणूस आमच्याशी मराठीत दोन शब्द बोलला की आम्ही विरघळतो. पिढ्यान् पिढ्या इथे गेल्या, घरातली भांडणंसुद्धा अर्धी हिंदीत होतात, पण समोरच्यानं "काय, बरं आहे ना?" एवढं विचारलं की त्याला कुठे ठेवू नि कुठे नको असं होऊन जातं. महिपतराव जगदाळ्यांचं जे झालं ते या खोडीपायी झालं. माणूस खोटारडा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तसं म्हणाल आणि मला राग येईल.

पाटणकर बाजारात माझं भांड्यांचं दुकान आणि बरोबर समोर त्यांचं पगड्यांचं. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर तलवार घेऊन आले. महिपतरावांच्या हाती तलवारीऐवजी चंदेरीचं लांबच लांब कापड आलं, आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. कापड गुडघ्यावर ताणायचं, एक टोक दातांत धरायचं आणि पीळ देत देत पगडी उभी करायची. तोंडात कापड असल्यामुळे ते बोलायचे कमी, नुसती मान हलवायचे, आणि ती मान नेहमी होकाराचीच हलायची. गणपतीच्या वर्गणीला हो. वरात दाराशी उभी असताना कुणाला चार पगड्या जास्त हव्या असल्या तरी हो. भीड भिकेची बहीण म्हणतात. महिपतरावांकडे ती बहीण कायमची मुक्कामाला होती.

दुकानात मोबाइलनं पैसे घ्यायची ती चौकोनी ठिपक्यांची पाटी होती, पण ती लावून दिली होती त्यांच्या मुलीनं, रुचिकानं. ती गुडगावला नोकरी करते. पैसे तिच्या खात्यात जायचे, टिंगटिंग तिच्या फोनवर वाजायचं. महिपतरावांकडे बटणांचा जुना फोन. गिऱ्हाईक आपल्या फोनचा पडदा दाखवायचं आणि हे चष्मा न लावताच मान डोलवायचे. तेवढाच त्यांचा डिजिटल व्यवहार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मंत्रीबाई आल्या. दिल्लीतल्या मंत्री, देशाचे डिजिटल व्यवहार वाढवायचं खातं त्यांच्याकडे. मूळच्या हिमाचलच्या. मंत्री म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, पण या बाई कामाच्या होत्या, हे कबूल करायला हवं. जिथे फोनला आवाज येत नव्हता त्या बोळांत नेट आलं. घरी बसून काही करून विकणाऱ्या बायकांसाठी वर्ग निघाले. कुणाची फसवणूक झाली तर ताबडतोब फोन करायला हेल्पलाइन आली, आणि तिथे फोन उचलतातसुद्धा!

बाईंचा सत्कार शिंदेशाही पगडीनं करायचा ठरला होता. त्या म्हणाल्या, पगडी स्टेजवर नको, दुकानातच जाऊन बांधून घेते. आल्या, महिपतरावांच्या गादीवर मांडी घालून बसल्या. सगळा बाजार लोटला, कॅमेरे आले. महिपतराव बाईमाणसाच्या डोक्याचं माप घेताना आधीच घामाघूम झालेले, आणि तेवढ्यात बाईंनी त्यांच्याकडे वळून मराठीत विचारलं, "काका, तुम्ही मोबाइलनं पैसे घेता ना? सोपं आहे ना?"

महिपतरावांनी दातांतलं टोक काढलं. डोळे भरून आले होते. म्हणाले, "हो बाई. एकदम सोपं आहे."

नंतर मी त्यांना म्हटलं, "काय हो, तुम्हाला फोन लावता येतो का धड?" तर म्हणाले, "अरे, ती इतक्या दूरची पोरगी, माझ्या भाषेत विचारून राहिली होती. तिला तोंडावर नाही कसं म्हणू?"

महिनाभरात पोस्टरं लागली. बाड्याच्या मोठ्या चौकात, बसस्टँडवर, टेम्पोंच्या पाठीवर. पगडी हातात घेतलेले महिपतराव, बाजूला हसणाऱ्या मंत्रीबाई, आणि वर मोठ्या अक्षरांत, "महिपतराव हुए डिजिटल, और आप?" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी भरपूर चेष्टा केली. पण त्यांना ती झोंबली. घरून बाजारात यायचा रस्ता बदलला, बाड्यावरून येईनात. मागून का येता, विचारलं तर म्हणाले, "तो मला बघून हसतो." तो म्हणजे पोस्टरवरचा.

लोक विचारायला येऊ लागले. "काका, ये वाला कैसे करते हैं?" म्हणत फोन पुढे करायचे. महिपतराव चहा मागवायचे आणि "रुचिकाला विचारून सांगतो" म्हणायचे. मी म्हटलं, सांगून टाका ना बाबा, मला येत नाही म्हणून. ते म्हणाले, "आता सांगितलं तर बाई खोट्या पडतील." माणूस एकदा होकारात अडकला की दुसऱ्याचीच अब्रू पुढे करतो, हे मी तेव्हा शिकलो.

आता लीलाताई. नया बाजारात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. घराणं एके काळी दरबारच्या पुरोहितांचं, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. भाजणी, मेतकूट, सांडगे करून विकायच्या. पूर्वी दारोदार पिशव्या घेऊन हिंडत. मंत्रीबाईंच्या वर्गात शिकल्या आणि फोनवर ऑर्डरी घ्यायला लागल्या. डबे पार इंदूरपर्यंत जायला लागले. मुलगा राघव हैदराबादला असतो. आईनं तिकडे यावं म्हणून तो सारखा मागे लागलेला, आणि त्या म्हणायच्या, "सत्तरीला आले तेव्हा कुठे आपल्या पायावर उभी राहिले रे. आता बसवू नकोस."

एक दिवस त्यांना फोन आला. मंत्रीबाईंच्या योजनेतून बोलतोय, एक ॲप टाकून घ्या, तुमच्या बाजारातल्या पोस्टरवरच्या महिपतरावांकडेही तेच आहे. लीलाताई हुशार. वर्गात शिकवलं होतं तसं त्यांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि थेट महिपतरावांच्या दुकानी आल्या. मी समोरच होतो, ऐकत होतो.

"महिपतराव, तुमचं नाव घेऊन फोन आलाय. ॲप टाका म्हणतात. खरं आहे का हो? टाकू का?"

दुकानात नवरदेवाकडची मंडळी बसलेली. सगळ्यांनी माना वर केल्या, पोस्टरवरचे महिपतराव काय सांगतात ते ऐकायला. महिपतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाका, टाका. चांगलंच असणार."

पुन्हा फोन आला, लीलाताईंनी ॲप टाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं खातं साफ झालं. त्यांनी हेल्पलाइनला फोन केला, आणि सांगायला हवं, तिथल्या लोकांनी धावपळ करून पैसे अडवले. दोन महिन्यांनी जवळजवळ सगळे परत आले. पण राघव विमानानं आला तो पैशासाठी नव्हे. त्यानं आईला विचारलं, असं कुणाच्या सांगण्यावरून केलंस? लीलाताई म्हणाल्या, "कुणाच्या नाही. माझीच अक्कल चरायला गेली होती."

बाजारातही त्या हेच सांगत. एकदा तर महिपतरावांच्या दुकानासमोर उभ्या राहून बायकांना म्हणाल्या, "मीच बावळट. हे बघा ना, महिपतराव रोज वापरतात, त्यांना झालंय का काही?" महिपतराव आत गुडघ्यावर पगडी घेऊन बसले होते. त्यांच्या हातातला पीळ सुटला. बायका गेल्यावर माझ्याकडे आले आणि भांड्यांच्या उतरंडीशी तोंड करून उभे राहिले. "तिनं मला एक शब्द बोलायला पाहिजे होता रे. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती मला झाकून राहिली आहे."

त्यानंतर महिपतरावांचं अन्न तुटलं. पगड्या सैल व्हायला लागल्या, एका वरातीत तर नवऱ्याची पगडी घोड्यावरच सुटली. राघवनं मात्र ठरवून टाकलं होतं. आईचं वय झालं, आता तिला कळत नाही, पुढच्या खेपेला खोल्या सोडायच्या आणि तिला हैदराबादला न्यायचं. हे कळलं त्या दिवशी महिपतरावांनी दुकान दुपारीच बंद केलं. लीलाताईंचा काही दोष नव्हता. त्यांनी विचारून केलं होतं. ती नवरदेवाकडची मंडळी सोडली तर हे माहीत असलेली माणसं तीन, आणि त्यातलं जे बोलायला हवं होतं तेच गप्प होतं. मी म्हटलं, मी सांगतो राघवला. ते म्हणाले, "नको. माझ्या तोंडचं मलाच परत घेऊ दे."

तेवढ्यात मंत्रीबाई पुन्हा यायच्या ठरल्या. बाड्याजवळच्या सभागृहात महिपतरावांचा सत्कार, 'डिजिटल सारथी' म्हणून. राघव त्याच दिवशी ग्वाल्हेरात, सामान बांधायला आलेला.

महिपतराव स्टेजवर गेले. शाल झाली, श्रीफळ झालं, दो शब्द बोलिए म्हणून माइक हातात दिला. ते बाईंकडे वळले आणि मराठीत बोलले. "बाई, मला यातलं काही येत नाही. माझ्याकडे साधा फोन आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. त्या पोस्टरमुळे एका बाईनं माझ्यावर विश्वास टाकला आणि ती फसली. चूक तिची नाही, माझी आहे. मला माफ करा."

पुढच्या रांगेतली आम्ही मराठी मंडळी दगड झालो. बाकी सभागृहाला वाटलं, काका भावुक होऊन आभार मानतायत. आणि मंत्रीबाईंनी दोन्ही हात जोडले, हसल्या आणि म्हणाल्या, "खूप छान, काका. खूप छान." टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंना मराठी येतच नव्हती. त्यांचा सहायक यशोधन, नागपूरचा पोरगा, प्रत्येक गावी तिथल्या भाषेतली दोन-तीन वाक्यं त्यांना पाठ करून देत असे. त्याला मात्र सगळं कळलं होतं. तो स्टेजमागे धावत आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, मी गाडीत सांगतो मॅडमना. पोस्टर काढायला लावतो." आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच दिवशी पोस्टरं उतरायला लागली.

पण महिपतराव त्याच्याकडे बघतही नव्हते. "लीलाताईंकडे चल," मला म्हणाले. शाल खांद्यावर, नारळ हातात, तसेच आम्ही नया बाजारात गेलो, जिना चढलो.

खोलीत खोकी होती. दोन बांधलेली, एक उघडं, आणि भाजणीचे डबे फळीवर ओळीनं लावलेले. राघव जमिनीवर बसून चहा पीत होता. महिपतराव दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जे स्टेजवर बोलले तेच पुन्हा बोलले. तुझ्या आईनं फोन ठेवला होता. ती मला विचारायला आली होती. मला काही माहीत नसताना मी टाका म्हणालो.

राघवनं आईकडे पाहिलं. "तू विचारून केलं होतंस? मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव सगळ्या गावात टांगलेलं होतं," लीलाताई म्हणाल्या. "माझं काय, मला कोण ओळखतं?"

मला वाटलं, सुटलं. आई शहाणी ठरली, आता कसला हैदराबादला नेतोय. महिपतरावांनाही तसंच वाटलं असावं, कारण कित्येक महिन्यांनी त्यांनी मोकळा श्वास घेतलेला मी ऐकला.

राघवनं कप खाली ठेवला. रागावला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "तुझी चूक असती तर बरं झालं असतं, आई. चूक सुधारता येते. पण तू तर सगळं बरोबर केलंस. फोन ठेवलास, ओळखीच्या माणसाला जाऊन विचारलंस, आणि तरी फसलीस. मग इथे मी तुला कुणाच्या भरवशावर ठेवू?"

महिपतरावांनी हातातला नारळ उंबऱ्याशी ठेवला.

लीलाताई आम्हाला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. महिपतराव हात जोडून म्हणाले, "ताई, मी खरं सांगायला आलो होतो."

"अहो, आज सकाळी तो मला इथेच राहू द्यायला राजी झाला होता," लीलाताई हळूच म्हणाल्या. "म्हणाला, तुझ्याकडून एकदा चूक झाली, पुन्हा करू नकोस, बघू अजून वर्षभर. मी डबेसुद्धा परत फळीवर लावले."

महिपतरावांनी कठडा धरला. लीलाताईंनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि त्या आत वळल्या. आम्ही अर्धा जिना उतरलो असू तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "राघव, ती सुतळी कुठे ठेवलीस रे?"