टॅबवरचे डॉक्टर, ओसरीवरची माणसं

जळकोटच्या पुढं एका गावातल्या उपकेंद्रात मी नर्स आहे. आमच्याकडे टॅब आला, तेव्हापासून दर मंगळवारी जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर त्यावरून पेशंट बघू लागले. पेशंटला टॅबसमोर बसवायचं, जोडून द्यायचं आणि नंतर औषधं द्यायची, हे माझं काम.

आयुष्यभर मेंढरं राखलेले एक मामा तीन मंगळवार गुडघे दुखतात म्हणून आले. उठताना दर वेळी घुटमळायचे. चौथ्यांदा मीच विचारलं, "मामा, अजून काही त्रास आहे का?"

ते खाली बघत म्हणाले, "हाय. पर बाईमाणसापुढं कसं सांगू?"

मला वाटलं, यात काय अवघड आहे? टॅब लावून दिला, दार ओढून घेतलं आणि ओसरीवर जाऊन उभी राहिले. मामांना कमी ऐकू येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आत डॉक्टर तेच तेच विचारत होते. शेवटी मामा ओरडले, "लघवी सुटतच न्हाय वो! रातीतून धा येळा उठतो!"

ओसरीवर आठ-दहा माणसं होती, त्यांत मामांची सूनही. कुणीतरी फिसकन हसलं. मामा बाहेर आले, चपला घातल्या आणि औषधं न घेताच गेले.

पुढचे दोन मंगळवार ते फिरकले नाहीत. मग मीच त्यांच्या घरी गेले. अंगणात लोकर कातत बसले होते.

"चूक माझी झाली, मामा," मी म्हणाले.

त्यांनी हातातली लोकर बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मशीन चांगलंय वो. पर गावाला सांगायचं असतं, तर म्या पारावरच बसलो नसतो का?"

मी त्यांना दुपारी, गर्दी सरल्यावर बोलावलं. डॉक्टरही जेवण बाजूला ठेवून टॅबवर आले. खिडक्या लावून मी थेट फाटकापाशी जाऊन थांबले. डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी तुळजापूरला पाठवलं. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली. गोळ्यांनी महिनाभरात बराच फरक पडला.

मामांना दुपारी बोलावलं, त्याच आठवड्यात मी ओसरीवरचं बाकडं उचलून लिंबाखाली नेलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पेशंट एवढ्या लांब का बसवलेत?"

"आतलं बाहेर ऐकू जातं, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाकडं अजून लिंबाखालीच आहे.