पिहूची मम्मी काय खाऊ घालते

पिहूच्या मम्मीला वाटेत कोणीही भेटलं, नुसतं हसलं, तरी ती आधी एवढंच सांगायची, "खाल्लं आज तिनं. पोटभर खाल्लं." समोरच्यानं तसं काही विचारलेलंही नसायचं. कोणी नळाला पाणी आलं का म्हणून विचारत असायचं, कोणी सिलिंडरची गाडी गेली का म्हणून. ही मात्र बोट धरलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पोरीच्या जेवणाची बातमी देऊन टाकायची. सुरुवातीला मला वाटलं, असते एकेकाची सवय. पुढे समजलं की प्रत्येक माणूस आज ना उद्या हेच विचारणार, हे धरूनच ती घराबाहेर पडत असे, आणि उत्तर आधीच देऊन पुढे निघून जात असे.

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझ्या शेजारचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. नवरा नरेश विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका गोदामात कामाला. त्याच्या पाळ्या बदलत, त्यामुळे तो दिसे कमी. तिचं नाव ज्योत्स्ना, पण त्या नावानं तिला हाक मारताना मी कोणालाच ऐकलं नाही. सगळ्यांसाठी ती पिहूची मम्मी. पिहू तेव्हा जेमतेम चार वर्षांची असेल. काडीसारखे हातपाय, आणि चेहऱ्यावर डोळेच तेवढे मोठे. पोर भारी हुशार. गल्लीत स्कूटर शिरली की आवाजावरून सांगायची, "देशमुख आजोबा आले." माझ्या घरात मेथी निवडायला घेतली तरी तिला तिच्या अंगणात वास लागायचा, आणि ती नाकावर फ्रॉकची कड धरून आत पळायची. त्या नाकाचा आणि तिच्या जेवणाचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पिहूची मम्मी स्वयंपाक असा करायची की शेजारच्यांना भूक लागावी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिची सांबारवडी तोंडात टाकली की हात आपोआप दुसरीकडे जात असे. वडाभात, पातोडीचा रस्सा, गोळाभात, काही ना काही वाटीभर माझ्याकडे यायचंच. वाटी देताना ती म्हणायची, "पिहूले लय आवडते हे." मी मनात म्हणायची, एवढं सगळं आवडीनं खाणारी पोर अशी कशी वाळलेली?

एकदा दुपारी मी तिची वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. पिहू पाटावर बसली होती. समोर ताटलीत पांढरा भात, त्यावर काही नाही. मम्मी तिच्याशी गप्पा मारत एकेक घास भरवत होती. तिसऱ्या की चौथ्या घासाला पोरीचा चेहरा एकदम बदलला. घशातून आवाज आला, डोळ्यांत पाणी भरलं, आणि खाल्लेलं सगळं तिच्या फ्रॉकवर आलं. भाताच्या आत बोटभर घट्ट वरण लपवलं होतं. पोरीनं रडत रडत आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी मम्मी."

मम्मीनं आधी उठून दार लावलं. मग पोरीला पुसलं, कपडे बदलले, टीव्हीसमोर बसवलं, आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलली. "काकू, कोणाले सांगू नका. ती भात खाते, पांढरा. बिस्किट खाते, तेही एकाच जातीचं. दूध पिते. बस. दुसरं काही तोंडात गेलं की असं होते. मी मारून पाहिलं, लाड करून पाहिलं. नवस केला. काहून होते असं, मले समजत नाही."

"मग हे सगळं कोणासाठी करतेस?" मी ओट्यावरच्या भांड्यांकडे बोट दाखवलं.

"वाटते, आज खाईल. उद्या खाईल. मंग टाकून कसं द्यायचं? मीच खाते."

ते खरंच होतं. पोरीनं नाकारलेलं अन्न ती रोज खात होती आणि अंगानं सुटत चालली होती. गल्लीत त्यावरही बोललं जायचं. संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या बायकांपैकी एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "माय खाते आन् लेकरू वाळते." त्या दिवशी तिनं मला ते वाक्य हसत हसत सांगितलं, त्या बाईची नक्कल करून. नक्कल फार हुबेहूब होती. पण हसता हसता ती मध्येच थांबली आणि सिंकमधली भांडी घासायला लागली.

माझी दोन्ही मुलं ताटात वाढलेलं सगळं खायची. कारली, शेपू, काहीही. त्याचं श्रेय मी आयुष्यभर स्वतःकडे घेत आले होते. नातेवाईक म्हणायचे, वळण चांगलं लावलं हो तुम्ही, आणि मी मान डोलवायची. पिहूची मम्मी भेटल्यावर कळलं की त्यात माझा हात काही नव्हता. मला तशी मुलं मिळाली होती, एवढंच.

पिहू शाळेत जायला लागली तसं तिच्या मम्मीनं नवं काम लावून घेतलं. डब्यात दोन कप्पे. एकात पांढरा भात, पिहूसाठी. दुसऱ्यात पालकाचा पराठा, गाजराच्या चकत्या, मोड आलेले मूग, शाळेतल्या बाईंना दिसावं म्हणून. ते मूग जसेच्या तसे घरी यायचे. एके दिवशी शाळेच्या बाईंनी सगळ्या मुलांच्या डब्यांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले. नेमका त्या दिवशी पिहूच्या मम्मीला ताप होता आणि नरेशनं डबा भरला होता, नुसता भात आणि बिस्किटं. फोटोखाली कोणीतरी लिहिलं, "असा डबा भरायला किती वेळ लागत असेल?" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "आई म्हणून थोडं मनावर घ्या." बाईंचं वय चोविशीच्या पुढे नसेल. ती घरी आली आणि मला म्हणाली, "मी काहीच बोलली नाही काकू. काय सांगणार? खोटं वाटते ना ऐकाले. मलेच खोटं वाटते कधी कधी."

नरेशच्या चुलतभावाच्या लग्नाला मीही गेले होते, शेजारधर्म म्हणून. पंगतीत पिहूच्या ताटात भात होता. तिच्या मम्मीनं घरून डब्यात नेला होता. ते एका चुलत सासूनं पाहिलं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, "ये वं माह्याजवळ, मी खाऊ घालतो," म्हणाली, आणि जिलबीचा तुकडा तोंडात कोंबला. पोरीनं तो गिळला नाही, थुंकलाही नाही. गालात धरून बसली. घाबरून आईकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं त्या बाईच्या जरीच्या साडीवर उलटी झाली, आणि सगळ्या मंडपात एकच चर्चा झाली, नरेशच्या बायकोनं पोरीला काय करून ठेवलंय. त्यानंतर ती लग्नाला, बारशाला, कुठेच गेली नाही.

नरेश वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. डॉक्टरांकडे जावं तर ते वजन पाहून "घरचं सकस द्या" म्हणत आणि टॉनिक लिहून देत. टॉनिकचा चमचा पाहिला की पिहू पलंगाखाली जायची. घरी यावं तर त्याची आई फोनवरून बोल लावणार. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची आई भिवापूरकडच्या गावाहून आली. म्हातारी प्रेमळ होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. पिहूसाठी तिनं बांगड्या आणल्या होत्या. पण दोन दिवस तिनं घरातलं जेवणाचं चित्र पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सुनेला सांगितलं, "माह्या हातची पाच लेकरं मोठी झाली. तू ताट घेऊन तिच्या मागं मागं फिरतं, म्हणून हे नखरे. चार दिवस माह्यापाशी राहू दे. भूक लागली की लेकरू सगळं खाते. पण तू येऊ नको संगं."

पिहूची मम्मी माझ्याकडे आली. मी म्हटलं, पाठवू नकोस. ती म्हणाली, "नरेश म्हणून राहिले, सगळे म्हणतात तं एकदा करून पाहू. मी नाही म्हटलं तं उद्या सगळं माह्यावरच येईल." आणि मग खाली पाहत म्हणाली, "काकू, मलेही वाटते, खाईल काय माहीत. माझीच चूक असेल तं बरंच होईल ना. पोट्टी तं खाईल."

आपलीच चूक निघावी अशी आशा करणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पिहू आजीबरोबर गावाला गेली. इकडे हिचा जीव फोनमध्ये. पहिल्या दिवशी सासू म्हणाली, "रडली थोडी, खाईल." दुसऱ्या दिवशी फोन पुतण्यानं उचलला आणि आजी शेतावर गेली म्हणाला. तिसऱ्या दिवशी सासूच बोलली. "खाल्लं वं तिनं. पोटभर खाल्लं."

फोन ठेवला तशी ती चप्पल घालून माझ्या दारात आली. चेहरा पांढराफटक. "काकू, ती खोटं बोलून राहिली. हे मी बोलते ना रोज. मले माहीत आहे हे कसं बोलतात." नरेश कामावर होता. त्याची वाट न पाहता ती तशीच बसस्टँडला गेली.

गावात काय झालं ते तिनं मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बिस्किटं कपाटात कुलूपबंद केली होती. समोर भाजीभाकर ठेवली होती. पिहू ताटाला शिवली नाही. मग आजीला दया आली आणि तिनं भात दिला, पण त्यात वरणाचं पाणी कालवलं, पोटात काही तरी जावं म्हणून. पहिल्या घासाला पोरीला कळलं. त्यानंतर तिनं दूध सोडलं, मग पाणीही सोडलं. आई पोचली तेव्हा ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ फुटले होते. हाक मारली तर वळली नाही. सासू एका कोपऱ्यात बसून रडत होती आणि म्हणत होती, "मले काय माहीत वं, मले काय माहीत."

नागपूरला आणून दवाखान्यात भरती केलं. तिथे पहिल्यांदा एका डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून नवराबायकोला समोर बसवलं आणि सांगितलं की काही मुलांचं असं असतं. वासाची, चवीची, घशात काही अडकण्याची भीती इतकी मोठी असते की भूकही तिच्यापुढे हरते. उपाशी ठेवून हे जात नाही, वाढतं. यात आईचा दोष नाही. नरेश तिथेच बायकोचा हात धरून रडला. मी डबा घेऊन गेले तेव्हा ती जिन्याजवळ भेटली. "माझी चूक नाही म्हणे, काकू," असं तिनं मला सांगितलं, परीक्षेचा निकाल सांगावा तसं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नातेवाईक आली आणि सहज बोलली, "काय हो, काय खाऊ घालत होत्या तिले? हाडं दिसून राहिली पोट्टीची."

पिहू सलाइनवर सावरली आणि घरी आली. पण भात सुटला तो सुटला. भातानं तिला फसवलं होतं. आता फक्त बिस्किट आणि दूध, तेही कोणी पाहत नसेल तरच. आई ताटली घेऊन आत आली की पोर डोळे मिटून घ्यायची. उपचारासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागे. काही वेळा नेलं. तिथल्या ताई चांगल्या होत्या, पण वर्ष जाईल, दोन जातील, सांगता येत नाही, असं म्हणाल्या. गल्लीत तर निकाल लागून गेला होता. पोरगी दवाखान्यात गेली म्हणजे आईनं काही खाऊ घातलं नसणार. शेजारच्या घरातून फोडणीचा वास येणं बंद झालं. नवराबायको काय खात होते कोणास ठाऊक.

दिवाळीच्या आधी त्यांनी घर सोडलं. मिहानच्या बाजूला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला भाड्यानं, जिथे कोणी ओळखत नव्हतं. सामानाचा टेम्पो निघताना गल्लीतल्या बायका फाटकाशी आल्या. एकीनं तिच्या हातावर दही ठेवलं, दुसरी म्हणाली, "जा वं, सुखानं राहा. आन् पोट्टीले चांगलं खाऊ घाल." ती दही हातावर घेऊन "हो" म्हणाली.

हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले. तिसरा मजला. बेल वाजवायच्या आधीच ती मला दिसली, घराबाहेर जिन्यात उभी, पाठीमागे दार ओढून घेतलेलं. पिहू आत खात होती. घरात कोणीही असेल तर ती काही तोंडाला लावत नाही, म्हणून आई ताटली ठेवून बाहेर येते आणि थांबते. आम्ही दोघी पायरीवर बसलो. ती बरीच वाळली होती. मी माझ्या मुलांचं सांगितलं, गल्लीतलं टाळलं. थोड्या वेळानं ती आत जाऊन पाहून आली. बिस्किटाचा अर्धा तुकडा गेला होता, असं तिनं सांगितलं. पिहूनं दाराच्या फटीतून मला पाहिलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

मी निघाले तशी ती जिन्याच्या वळणापर्यंत आली. "काकू, राग नका मानू. तुम्ही आता येऊ नका."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही कधीच काही म्हटलं नाही. मले माहीत आहे. पण तुम्ही पाहता ना. तुम्ही पाहता तं मले वाटते, मी अजून काहीतरी करायले पाहिजे होतं. आता माह्याच्यानं होत नाही."

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि ती वर गेली. मी खाली उतरले. रस्त्यावर ऑटो मिळत नव्हता, त्यामुळे बराच वेळ इमारतीसमोर उभं राहावं लागलं. तिची बाल्कनी त्याच बाजूला होती. मी वर पाहिलं नाही.